शाळिग्रामाचे गोत्र

देवघरात वडीलधाऱ्यांचा मान मोठा असतो असे म्हणतात, पण तसे दिसत नाही. गणपतीला दहा दिवस, ढोलताशे आणि मोदक. बाळकृष्णाला पाळणा आणि लोणी. अन्नपूर्णा सुनेबरोबर तिच्या माहेरून आलेली, त्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष करायची कुणाची टाप नाही. या सगळ्यांहून वयाने मोठा जो शाळिग्राम, तो मात्र कोपऱ्यात काळाभोर, अबोल बसलेला. त्याला नाक नाही, डोळे नाहीत, हातपाय नाहीत. दागिना घालायचा तर अडकवायचा कुठे? फोटो काढायचा तर पुढची बाजू कोणती, यावरून घरात दोन पक्ष. पाहुण्यांच्या एखाद्या धिटुकल्या पोराने “हा दगड कशाला ठेवलाय?” असे विचारले की चारपाच जण एकदम “दगड म्हणू नये, देव असतो तो” असे म्हणून त्याला गप्प करतात. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. तो दगड आहे, देव आहे, आणि हे दोन्ही होण्याआधी तो एक प्राणी होता. समुद्रात राहणारा, बराच खाऊन-पिऊन सुखी असा.

आमच्याकडे पंचायतन आहे. जुन्या घरांत असायचेच. पंचायतनातले दगड परंपरेने पाच ठिकाणचे: शंकराचा बाण नर्मदेचा, गणपतीचा तांबडा गोटा शोणनदीचा, देवीची शिळा सुवर्णमुखीची, सूर्याचा स्फटिक तंजावरजवळच्या वल्लमचा आणि विष्णूचा शाळिग्राम नेपाळातल्या गंडकीचा. पूर्वजांनी घरबसल्या अर्ध्या उपखंडाचे खडक एका ताम्हनात जमवले आणि रोज त्यांना अंघोळ घालायची सोय केली. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातला प्रत्येक दगड आवडेल, पण हात आधी जाईल तो शाळिग्रामाकडे. बाकीचे चौघे खनिजे आहेत. याला चरित्र आहे.

हे चरित्र ज्या खडकात लिहिलेले आहे त्याचे नाव स्पिती शेल. शेल म्हणजे पंकाश्म, चिखल थरावर थर दाबला जाऊन झालेला खडक. हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यावरून त्याला हे नाव मिळाले, पण त्याचा पसारा झंस्कर-स्पितीपासून कुमाऊँवरून नेपाळात आणि तिबेटापर्यंत आहे. वय साधारण १६ ते १४ कोटी वर्षे, म्हणजे जुरासिक काळाचा उत्तरार्ध आणि त्यानंतरचा थोडा काळ. दिसायला अगदी सामान्य, काळा आणि ठिसूळ. हातात घेऊन चुरला तर पापुद्रे निघतात आणि बोटे काळी होतात. हिमालयात ग्रॅनाइट आणि संगमरवर असताना या गरीब काळ्या चिखलाकडे कुणी पाहिलेही नसते, जर त्याच्या पोटात शाळिग्रामाचे गोटे नसते तर.

जुरासिक म्हटले की आपल्याला डायनोसॉर आठवतो, तो १९९३ सालच्या त्या सिनेमामुळे. खरे म्हणजे त्यात सगळ्यात जास्त घाबरवणारा टी-रेक्स जुरासिक काळातला नाहीच, तो नंतरच्या क्रिटेशस काळातला. उलट या काळाला ज्यावरून नाव पडले तो जुरा पर्वत फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर आहे, आणि त्याचा खडक समुद्रात साचलेला चुनखडक आहे. म्हणजे जुरासिकची मूळ ओळख डायनोसॉरची नसून समुद्राची आहे, आणि त्या समुद्राचे खरे मानकरी होते ॲमोनाइट, म्हणजे आपल्या शाळिग्रामाच्या पोटातला प्राणी. सिनेमात मात्र त्यांना साधे मागून पळायचेसुद्धा काम मिळाले नाही.

आपला ॲमोनाइट ज्या समुद्रात राहायचा त्याचे नाव टेथिस. त्या वेळी भारत आजच्या जागी नव्हता. तो दक्षिण गोलार्धात, गोंडवन नावाच्या महाखंडाचा भाग होऊन बसला होता, आणि त्याच्या उत्तर किनाऱ्यावर टेथिसच्या लाटा येत होत्या. हिमालय नव्हता. गंडकी नव्हती. पुण्यकर्म करायला माणूस नव्हता आणि पाप करायलाही नव्हता.

ॲमोनाइट म्हणजे गुंडाळलेल्या शिंगासारखे कवच असलेला प्राणी. कवचाच्या आत पडदे घालून खोल्या केलेल्या. तो स्वतः फक्त सगळ्यात बाहेरच्या, सगळ्यात मोठ्या खोलीत राहायचा. अंग वाढले की पुढे सरकायचे, मागे पडदा घालायचा, आणि रिकाम्या झालेल्या खोल्यांत हवा भरून त्यांच्या जोरावर तरंगायचे. मधल्या भिंतींतून एक बारीक नळी अगदी पहिल्या खोलीपर्यंत गेलेली असायची, म्हणजे जुन्या जागेचा ताबा सुटला असे होत नसे. पुण्याच्या पेठांतली काही घराणीही याच पद्धतीने वाढली आहेत, फक्त त्यांना तरंगता येत नाही.

याचे भाऊबंद आज कुठे आहेत, हे सांगताना जरा आवाज खाली आणावा लागतो. ॲमोनाइटचे जवळचे नातेवाईक म्हणजे आठ पायांचा ऑक्टोपस आणि माकूळ. मालवणच्या बाजारात सकाळी टोपलीत जे माकूळ पडलेले असते, दुपारी ज्याची रवा लावून काप होतात किंवा वाटण घालून कालवण होते, ते शाळिग्रामाचे सगोत्र. सोवळ्यात पुजल्या जाणाऱ्या देवाचे गोत्र असे निघाले म्हणून कुणी रागावू नये. मत्स्य, कूर्म आणि वराह यांना ज्या धर्माने अवतारांत घेतले, त्याला एका माकळाच्या चुलत्याचे ओझे होण्याचे कारण नाही.

तर हा ॲमोनाइट मेला आणि तळाच्या काळ्या चिखलात रुतला. तिथे प्राणवायू फारच कमी, त्यामुळे कुजण्याची क्रिया सावकाश चालली, आणि त्या कुजण्यातूनच आजूबाजूच्या चिखलात रसायनांची अशी काही उलथापालथ झाली की कवचाभोवती कॅल्शियम कार्बोनेटासारखी खनिजे साकळून एक टणक गाठ तयार झाली. कुठे कुठे लोह आणि गंधक एकत्र येऊन पायराइट बनले. काही शाळिग्रामांत सोनेरी चमक दिसते आणि लोक त्यांना हिरण्यगर्भ म्हणून जास्त मान देतात, तो मान पुष्कळदा या पायराइटला जातो. बाहेरचा चिखल पुढे दाबला जाऊन शेल झाला, तो मऊ राहिला. गाठ मात्र कणखर राहिली. एका मेलेल्या जिवाने आपल्यापुरता कठीण दगड करून घेतला, म्हणूनच आज त्याची पूजा होते आणि भोवतालच्या चिखलाची होत नाही.

मग भारत उत्तरेकडे निघाला आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला जाऊन धडकला. टेथिसचा तळ दुमडला आणि वर उचलला गेला. समुद्रतळाचा चिखल आज ढगांच्या वर आहे, आणि काळी गंडकी तो कोरत खाली उतरते. धवलगिरी (८,१६७ मीटर) आणि अन्नपूर्णा (८,०९१ मीटर) यांच्यामधली तिची दरी जगातल्या सर्वांत खोल दऱ्यांत गणली जाते. मऊ शेल झिजतो, त्यातल्या गाठी सुटतात, पात्रात पडतात, गडगडतात, घासून गुळगुळीत होतात. एखादी गाठ आपटून तिला तोंड फुटते आणि आतली नक्षी दिसू लागते. विष्णू प्रकट झाला असे आपण म्हणतो तो हा क्षण.

याच दरीच्या वाटेने मुक्तिनाथाच्या यात्रेला आता मराठी मंडळी भरपूर जातात. सुमारे पावणेचार हजार मीटर उंची, कानटोप्या, मफलर आणि प्रत्येकाच्या पिशवीत चिवडा. १०८ गोमुखांच्या बर्फगार धारांखालून “हरी हरी” करत पळायचे आणि पलीकडे पोचल्यावर आपण जिवंत आहोत का ते आधी पाहायचे, पुण्याचा हिशेब मागाहून. वाटेत कागबेनी लागते. तिथे दुपारी असा वारा सुटतो की जवळच्या जोमसोमची विमाने सकाळीच उरकून घ्यावी लागतात. त्या वाऱ्यात रस्त्याच्या कडेला कापडावर शाळिग्राम मांडून बायका बसलेल्या असतात. शास्त्राने शाळिग्रामाची किंमत करणे पाप ठरवले आहे. त्यामुळे आपला माणूस किंमत करत नाही. तो “दक्षिणा किती?” असे विचारतो, आणि मग दक्षिणेत तासभर घासाघीस करतो.

आपल्या पूर्वजांना या नक्षीचे कोडे पडले होते आणि त्यांनी ते आपल्या परीने सोडवलेही होते. वृंदेच्या पातिव्रत्याचा भंग करण्यासाठी विष्णूने तिच्या नवऱ्याचे, जालंधराचे रूप घेतले, तिने “दगड होशील” असा शाप दिला, आणि तो गंडकीत शिळा होऊन राहिला. वृंदा तुळस झाली. म्हणून कार्तिकात तुळशीचे लग्न लागते, आणि ज्या घरी नवरदेव म्हणून शाळिग्राम असतो तिथे सुमारे १५ कोटी वर्षांच्या वराला कुंडीतल्या वधूशी बोहल्यावर उभे करतात. वयाचे अंतर कुणी काढत नाही. दगडाच्या पोटातली चक्रे मात्र वज्रकीट नावाच्या किड्याने दाताने कोरली, असे पुराणे सांगतात. मला ही वज्रकीटाची कल्पना फार आवडते. त्यात एक नेमके निरीक्षण आहे: ही नक्षी कुणा माणसाच्या हातची नाही, एका जिवाचा तिच्याशी संबंध आहे. जीव कोणता, एवढाच तपशील उरला होता.

अग्निपुराणात शाळिग्रामांची लक्षणे दिली आहेत: चक्रे किती, तोंड रुंद की अरुंद, रंग कोणता, रेषा कशा, आणि त्यावरून सुदर्शन, दामोदर, नृसिंह अशी नावे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिक्टर उलिग नावाच्या प्राध्यापकाने स्पिती शेलमधल्या जीवाश्मांवर मोठा ग्रंथ लिहिला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने तो १९०३ ते १९१० या काळात भागाभागाने छापला. त्यातही वेटोळे किती घट्ट, तोंडाचा आकार काय, बरगड्या कशा, यावरूनच वर्गीकरण आहे; नावे फक्त वेगळी, स्पितिसेरास, हिमालयाइटिस अशी. पुराणकाराने आणि उलिगने एकच दगड उलटसुलट करून पाहिला. एकाने शेवटी नमस्कार केला, दुसऱ्याने लॅटिन नाव दिले. माझ्या मते दोघांचीही मान सारखीच वाकली होती.

या खडकाला नाव देणारा माणूस फर्डिनांड स्टोलिचका. मोराव्हियात जन्मलेला, कलकत्त्याच्या सर्वेक्षण संस्थेत नोकरीला. १८६४ साली तो स्पितीत हिंडला. पुढे १८७४ साली यारकंदहून परतताना लडाखच्या उंचीवर त्याचा अंत झाला. लेहमध्ये त्याचे स्मारक आहे. ज्या तळावर आपला ॲमोनाइट आरामात चिखलात झोपला, तोच तळ इतका वर गेला होता की त्याचा अभ्यास करणाऱ्याला तिथे श्वास पुरला नाही. आज त्याच स्पितीत लांग्झा गावी आपली बुलेटवाली मुले थांबतात, गावातली पोरे त्यांना असे गोटे विकायला आणतात, आणि परत आल्यावर ते टीव्हीच्या शेजारी ठेवले जातात. तोच दगड गंडकीतून आला तर देवघरात आणि स्पितीतून आला तर शोकेसमध्ये. नशीब दगडालाही चुकले नाही.

इंग्लंडच्या व्हिटबी गावात, तिथल्या जुरासिक खडकातून, असेच ॲमोनाइट निघतात. तिथल्या लोकांनी ठरवले की संत हिल्डाने सापांचे दगड केले. साप म्हणावे तर डोके कुठे? म्हणून विक्रेत्यांनी वेटोळ्यांच्या टोकाला छिन्नीने सापाचे तोंड कोरायला सुरुवात केली. आपल्याकडे शाळिग्रामाला कुणी डोळे-नाक काढत बसले नाही. देव बिनचेहऱ्याचा चालतो ही आपली जुनी समज इथे उपयोगी पडली, आणि जीवाश्मही वाचले.

आता मुद्द्याची गोष्ट. कोणतीही मूर्ती आणली की तिची प्राणप्रतिष्ठा करावी लागते. शाळिग्रामाला ती लागत नाही. आमच्या गुरुजींना मी याचे कारण विचारले तेव्हा ते पळी ताम्हनात ठेवत म्हणाले, “अहो, तो स्वयंभू. त्यात प्राण वेगळा घालायचा नसतो.” मला हे उत्तर तंतोतंत पटते. देवघरातल्या साऱ्या देवांत ज्याच्यात खरोखर एके काळी प्राण होता, असा तो एकटाच आहे. धर्मशास्त्र आणि जीवाश्मशास्त्र यांचे इतके एकमत दुसऱ्या कुठल्या विषयावर झाल्याचे मला आठवत नाही.

एका विषयावर मात्र त्यांचे जमणार नाही. जुन्या नियमाप्रमाणे शाळिग्रामाला बायकांनी शिवायचे नाही. आमच्या आजीने हयातभर त्याच्यासाठी चंदन उगाळले, तुळस खुडली, विष्णूला अक्षता चालत नाहीत म्हणून निराळी फुले निवडून ठेवली, पण स्नान घालायचे ते आजोबांनीच. इकडे अभ्यासक सांगतात की एकाच जातीच्या ॲमोनाइटांत दोन आकार सापडतात, एक मोठा आणि एक लहान, आणि त्यातला मोठा बहुधा मादीचा. आमचा शाळिग्राम अंगाने चांगला भरलेला आहे. म्हणजे आजोबा रोज पहाटे सोवळे नेसून ज्याला अभिषेक करत होते, ते एक बाईमाणूस असण्याची दाट शक्यता आहे. आजीला हे कळले असते तर ती फार काही बोलली नसती. “तरीच,” एवढेच म्हणून तिने चंदनाची सहाण पुढे सरकवली असती.

भिंगातून आमच्या शाळिग्रामाकडे पाहिले तर फुटलेल्या तोंडाच्या आत बरगड्या दिसतात, एकीशेजारी एक, समान अंतरावर. आतल्या बाजूने एकेक निघते आणि बाहेरच्या कडेकडे जाताना तिला मध्येच फाटा फुटून दोन होतात. चार पिढ्यांच्या बोटांनी बाहेरची बाजू आरशासारखी झाली आहे. आत मात्र फाटे अजून धारदार आहेत. पंचामृत तिथवर पोचते, बोट पोचत नाही.

आणि एक गंमत देवघरामागच्या भिंतीत आहे. महाराष्ट्राचा फार मोठा भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्टचा. घराचा पाया, विहिरीची कड, पाटा-वरवंटा, सगळे त्याचेच. हा लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भळभळत होता, आणि नेमके त्याच सुमाराला जगातले शेवटचे ॲमोनाइट नाहीसे झाले, डायनोसॉरांबरोबर. आधीच्या मोठमोठ्या संहारांतून हे कूळ कसेबसे वाचले होते, त्या खेपेला नाही वाचले. मुख्य आरोपी मेक्सिकोजवळ आदळलेला लघुग्रह आहे हे खरे. पण हवामान बिघडवल्याबद्दल आमच्या सह्याद्रीच्या लाव्ह्याचे नावही आरोपपत्रात आहे आणि खटला अजून चालू आहे. म्हणजे मराठी घरात एका कोनाड्यात मयताची पूजा होते आणि तो कोनाडा ज्या भिंतीत आहे ती संशयिताची. दोघेही काळे, दोघेही अबोल, आणि शेजारधर्म उत्तम.

हल्ली देव वाटून घेण्याच्या वेळी शाळिग्रामाची पंचाईत होते. नियम असा की ते सम संख्येत पुजावेत, पण दोन नकोत. विषम नकोत, पण एक चालतो. आता चार शाळिग्राम दोन भावांत वाटून दाखवा. दोन-दोन केले तर दोन निषिद्ध. एक-तीन केले तर तीन निषिद्ध. चारही एकाकडे ठेवावेत तर धाकट्याची बायको म्हणते, “भाऊजी, तुमच्याकडेच राहू देत, तुमच्या हातून सगळं नीट होतं.” हा मोठेपणा नसतो. रोजची पूजा आणि सोवळे टाळण्याचा हा सभ्य मार्ग असतो. मग कुणीतरी सुचवते, “नदीत सोडून देऊ.”

तेवढे मात्र करू नका. त्याने आयुष्यभर पाणीच पाहिले आहे, समुद्राचे आणि नंतर गंडकीचे. मुळा-मुठेच्या पाण्याची त्याला मुळीच हौस नाही. शिवाय पुढे कधी एखाद्या संशोधकाला पुण्याच्या गाळात हिमालयातला ॲमोनाइट सापडला, तर त्याची सगळी हयात टेथिस समुद्र डेक्कन जिमखान्यापर्यंत कसा आला हे सिद्ध करण्यात जाईल. पूजा जमत नसेल तर पूजा करणाऱ्या नातेवाइकाकडे द्या, किंवा जवळच्या महाविद्यालयात भूशास्त्राचा विभाग असेल तर तिथे द्या. दोन्हीकडे त्याच्याकडे आदराने पाहणारी माणसे भेटतील. आणि देण्यापूर्वी एकदा उन्हात धरून, भिंग घेऊन, घरातल्या मुलांना त्याच्या आतल्या बरगड्या दाखवा. बायकांनाही दाखवा, हातात घेऊन.